‘पाण्यापासून लांबच ठेवू का तिला?’

जून लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो : मुलाला पाण्यापासून लांबच ठेवू का? कुणाला समुद्राची धास्ती, कुणाच्या परसात विहीर, तर गोव्यातल्या डिचोलीकडच्या कुणाला पावसाने तुडुंब भरलेल्या चिरेखाणीची. ‘काही होत नाही हो’ म्हणून मी त्यांची बोळवण करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. भीती खरीच आहे. तिचं करायचं काय, एवढंच शिकावं लागतं.

फोंडा तालुक्यातलं एक कुटुंब आठवतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चवथीला विसर्जनासाठी सगळं घर तळीवर गेलेलं. आरती रंगात आलेली, झांजा वाजतायत, आणि चार वर्षांची मुलगी शेवाळलेल्या पायरीवरून सरकून पाण्यात गेली. मोठ्या चुलतभावाचं लक्ष गेलं म्हणून बरं; त्याने फ्रॉकला धरून वर ओढलं. मुलीला खरचटलंसुद्धा नाही. आईची झोप मात्र गेली. मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर जाणं बंद, पोहण्याचा क्लास लावायचा बेत रद्द, आंघोळ दोन तांब्यांत. आईच्या हाताची थरथर मुलीने बरोबर ओळखली आणि डोक्यावर पाणी घेताना तीही किंचाळू लागली.

सुरुवातीला बाई एकट्याच यायच्या. बऱ्याच भेटी रडण्यातच गेल्या, त्या इथे सांगत नाही. एकदा मात्र त्यांच्या तोंडून नेमकं वाक्य निघालं.

‘‘मॅडम, मी चार पावलांवर होते. मला ऐकू कसं आलं नाही? कसली मी आई?’’

‘‘काय ऐकू यायला हवं होतं?’’

‘‘हाक. रडणं. काहीतरी.’’

‘‘ती ओरडलीच नसेल तर?’’

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी सांगितलं ते असं. बुडणारं लहान मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वास घेणंच जेमतेम जमतं, आवाज काढायला सवड नसते. हात वर करून हलवताही येत नाहीत, कारण वर राहण्यासाठी ते पाणी खाली दाबत असतात. सिनेमात दिसते तशी धडपड, पाण्याचे फवारे यातलं काही नसतं आणि मिनिटाच्या आत मूल दिसेनासं होऊ शकतं. त्या दिवशी झांजा नसत्या तरी त्यांना काही ऐकू आलं नसतं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे माझे कान कमी पडले नाहीत.’’ महिनोन् महिने जे ओझं समजुतीच्या शब्दांनी हललं नव्हतं, ते एका साध्या माहितीने उतरलं. ही माहिती नेमकी त्या क्षणी द्यायचं मला सुचलं, याचं आजही बरं वाटतं.

पण अपराधी भावना गेली म्हणून मूल सुरक्षित होत नाही. माझी पद्धत अशी, की भीती एकीच्या डोक्यात दिसली तरी उपाय सगळ्या घरात शोधायचा. पुढच्या वेळी मी नवऱ्याला आणि सासूबाईंनाही बोलावलं.

‘‘आम्ही सगळे होतो की तिथे,’’ नवरा म्हणाला. ‘‘आणि आम्ही नदीतच वाढलो. काय झालं आम्हाला?’’

‘‘तिच्याकडे बघत कोण होतं?’’

त्याने बायकोकडे पाहिलं, तिने सासूकडे, सासूबाईंनी मुलाकडे. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरं कुणीतरी बघतंय. एवढ्या नजरांत उत्तर मिळालं.

तिथून पुढे आम्ही फक्त व्यवस्था लावली. पाण्याजवळ गेल्यावर एकाची पाळी, नाव घेऊन. पाळी असणाऱ्याच्या हातात फोन नाही, आरतीचं ताट नाही. मूल हाताच्या अंतरावर हवं. उठायचं असेल तर ‘आता तू बघ’ म्हणायचं आणि समोरच्याचा ‘हो’ ऐकूनच जागा सोडायची.

घरातलं पाणी लोक विसरतात. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड. बादलीत तोल गेला तर त्याला स्वतःला मागे खेचता येत नाही. थोड्या पाण्यातही जीव जातो. बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, न्हाणीला बाहेरून कडी लावा, विहिरीला कठडा असला तरी वर जाळी बसवा. फुगवायच्या ट्यूबा ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका. समुद्रावर लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल नको. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८पासून ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक आहेत, तुमच्या गावच्या तळीवर कुणी नाही.

आणि मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ला फोन करायला सांगा. हे एकदा कुणा जाणत्याकडून हाताने शिकून घ्या, वाचून जमत नाही.

पोहायला शिकवावं का? जरूर. चौथ्या वर्षी सुरुवात करायला हरकत नाही. या मुलीलाही पुढे घातलं. आधी बाबाबरोबर, कारण त्याचा हात थरथरत नव्हता. पण पोहता येणाऱ्या मुलाचीही पाळी लावायचीच.

सासूबाईंनी मात्र एक गोष्ट स्वतःहून सांगितली. ‘‘माझे गुडघे असे. मी बघेन, पण धावणार कशी? तळीवर माझं नाव नको, घरी न्हाणीकडे मी बघते.’’ नवरा आईची समजूत घालायला लागला, तेव्हा मीच त्याला थांबवलं. यादीतून त्यांचं नाव तिथल्या तिथे खोडलं आणि तळीवरची पहिली पाळी त्याच्या नावावर लिहिली.