कंपनीचं काम परदेशात गेलं आणि नोकरी गेली: टीएए आज कुणाला मिळतं, कुणाला नाही

प्रश्न थोडक्यात असा दिसतो. न्यू जर्सीतल्या कारखान्यातली एक लाइन मेक्सिकोला हलते आहे आणि १४० जणांना नारळ मिळणार आहे. त्यातल्या बऱ्याच जणांकडे ग्रीन कार्ड आहे. एचआरमधल्या कुणीतरी 'तुम्हाला टीएए मिळेल, दोन वर्षं शिकता येईल' असं सांगितलं. शिवाय एका मित्राचं एच-१बी व्हिसावरचं आयटीचं काम पुण्याच्या टीमकडे गेलं, त्यालाही हे लागू होतं का?

आधी नको असलेलं उत्तर. आजच्या ले-ऑफला टीएए, म्हणजे ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स (परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना भत्ता आणि प्रशिक्षण देणारा अमेरिकी सरकारचा कार्यक्रम), मिळणार नाही. १ जुलै २०२२ ला या कार्यक्रमाची मुदत संपली आणि अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ती वाढवली नाही. तेव्हापासून अमेरिकेचं कामगार खातं नवी पिटिशन घेत नाही, फेरविचाराचे अर्ज घेत नाही आणि निर्णयही देत नाही. एचआरच्या मंडळींची चूक समजण्यासारखी आहे. निरोपाच्या पाकिटातला हा कागद जुन्या साच्यातून तसाच पुढे येत राहतो.

तरी विषय इथेच सोडू नका. टीएएचे जुने हक्कदार आजही सापडतात, आणि १४० जणांसाठी दुसरी दारं उघडी आहेत. फक्त त्यांच्या मुदती टीएएच्या नादात निघून जाऊ शकतात, आणि मला खरी काळजी त्याची आहे.

टीएएची पात्रता दोन पायऱ्यांची असते आणि बहुतेकांचा घोळ पहिल्याच पायरीवर होतो. आधी पात्र ठरतो तो कामगारांचा गट: अमुक कंपनी, अमुक ठिकाण, अमुक काम. एकट्याने अर्ज करायची सोयच नव्हती. पिटिशन, म्हणजे गटाच्या पात्रतेचा अर्ज, कामगारांचा गट, युनियन, कंपनीचा अधिकारी किंवा राज्याचं रोजगार खातं टाकायचं. कामगार खातं कंपनीकडून विक्री आणि उत्पादनाचे आकडे मागवायचं, गरज पडली तर ग्राहकांकडेही चौकशी करायचं, आणि कायद्याप्रमाणे ४० दिवसांत निर्णय द्यायचा होता. गट पात्र ठरला की मग दुसरी पायरी: त्यातला प्रत्येक माणूस राज्याच्या कार्यालयात जाऊन स्वतःची पात्रता सिद्ध करायचा.

गट पात्र ठरण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला आयातीचा: कंपनीची विक्री किंवा उत्पादन घटलं, तशाच किंवा थेट स्पर्धेतल्या मालाची आयात वाढली, आणि त्या आयातीचा नोकऱ्या जाण्यात महत्त्वाचा वाटा होता. महत्त्वाचा म्हणजे सर्वांत मोठा असायलाच हवा असं नाही. कायद्यात हे स्पष्ट आहे. दुसरा मार्ग काम परदेशात हलवण्याचा. तिसरा साखळीतल्या दुय्यम कंपन्यांचा: पात्र ठरलेल्या कंपनीला सुटे भाग पुरवणारे आणि त्या मालावर पुढचं काम करणारे. पुरवठादाराची २० टक्के विक्री त्या एका ग्राहकावर असेल तर हा मार्ग सोपा व्हायचा.

नकार कशामुळे यायचे तेही पाहा, कारण जुन्या फाइली वाचताना ते कळावं लागतं. काम ओहायोहून टेक्ससला गेलं तर नकार. नोकरी यंत्रामुळे गेली तर नकार. ग्राहकाने माल घेणं थांबवलं, पण तो दुसऱ्या अमेरिकी पुरवठादाराकडे वळला, तरीही नकार. आणि निर्यात बुडाली म्हणून नोकरी गेली, म्हणजे दुसऱ्या देशाने उलट टॅरिफ लावलं आणि आपला माल तिकडे खपेना, तर तेही यात बसत नव्हतं. टॅरिफच्या बातम्या वाचून टीएएची आशा धरणारे हा मुद्दा हमखास विसरतात.

आयटीचा भाग मात्र खरोखर वाचण्यासारखा आहे. टीएएचा १९७४ चा कायदा 'वस्तू' बनवणाऱ्यांसाठी होता. सॉफ्टवेअर ही वस्तू का, हा वाद अनेक वर्षं चालला. कनेटिकटमधल्या ईस्ट हार्टफर्डच्या कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशनच्या माजी कर्मचाऱ्यांचं काम भारतात गेलं होतं. कामगार खातं म्हणत होतं की सीडीसारख्या एखाद्या भौतिक रूपात नसलेलं सॉफ्टवेअर ही वस्तू नव्हे. कर्मचारी न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ इंटरनॅशनल ट्रेडमध्ये गेले, कोर्टाने प्रकरण परत पाठवलं, आणि २००६ मध्ये खात्याला आपलं धोरण बदलावं लागलं. पुढे २००९ च्या दुरुस्तीने सेवा क्षेत्रालाही दार उघडलं आणि काम कुठल्याही देशात हलवलं तरी चालेल असं झालं. मधल्या काही खंडांचा अपवाद सोडला तर ही सोय २०२१ च्या मध्यापर्यंत टिकली. १ जुलै २०२१ पासून शेवटच्या वर्षभरासाठी नियम जवळजवळ २००२ सारखे झाले. सेवा बाहेर गेल्या, आणि काम हलवण्याच्या मार्गासाठी तो देश मुक्त व्यापार करारातला किंवा ठराविक सवलत-कायद्यांतला असावा ही अट परत आली. मेक्सिको त्यात बसतो. भारत बसत नाही. भारतात गेलेल्या कामासाठी मग आयात वाढल्याचं किंवा वाढण्याची शक्यता असल्याचं दाखवावं लागायचं.

म्हणून जुना ले-ऑफ असेल तर पिटिशनची तारीख आधी पाहा. २००२, २००९, २०११, २०१५ आणि २०२१ असे नियमांचे वेगवेगळे संच आहेत, आणि लाभ त्या संचाप्रमाणेच मिळतात. एकाचं ऐकून दुसऱ्याने हिशेब मांडू नये.

आता शोधायचं कसं. कामगार खात्याच्या संकेतस्थळावर पिटिशनचा शोध आहे. कंपनीचं नाव आणि राज्य टाका. प्रत्येक फाइलीला टीए-डब्ल्यूने सुरू होणारा क्रमांक असतो. निकालपत्र उघडून त्यातलं पात्र गटाचं वाक्य शब्दन् शब्द वाचा. त्यात चार गोष्टी तपासायच्या.

एक, ठिकाण. एडिसनच्या प्लँटला मिळालेलं गट पात्र ठरल्याचं प्रमाणपत्र पिस्कॅटवेच्या प्लँटला चालत नाही. दोन, तारखा. पिटिशनच्या तारखेआधी एक वर्ष ते प्रमाणपत्रानंतर दोन वर्षं या काळात नोकरी गेलेली असावी लागते, आणि आता त्यावर ३० जून २०२२ ही वरची मर्यादा आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी नोकरी गेलेली असली पाहिजे. तीन, कंत्राटी माणसं. आपल्या लोकांना हे जास्त लागू पडतं. एजन्सीमार्फत तिथे काम करत असाल तर निकालपत्रात त्या एजन्सीचं नाव 'तिथेच काम करणारे भाडोत्री कामगार' अशा अर्थाच्या ओळीत हवं. चार, पगाराची नोंद. कधी पगार भगिनी-कंपनीच्या कर-क्रमांकावर निघतो, मग राज्याच्या संगणकाला तुम्ही त्या कंपनीचे दिसतच नाही. नाव जुळलं नाही म्हणून परत पाठवलं, तर डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा कर-फॉर्म), पगाराच्या चिठ्ठ्या आणि नेमणूकपत्र घेऊन लेखी निर्णय मागा. तोंडी 'नाही' वर अपील करता येत नाही.

जुन्या प्रमाणपत्रात बसलात तर भत्ता आणि प्रशिक्षण वेगळं धरा. टीआरए हा साप्ताहिक भत्ता. त्यासाठी नोकरी जाण्याआधीच्या ५२ आठवड्यांत त्याच कंपनीत किमान २६ आठवडे काम, दर आठवड्याला किमान ३० डॉलर पगार, नेहमीचा बेकारी भत्ता संपलेला, आणि २०१५ च्या नियमांत प्रमाणपत्र किंवा नोकरी जाणं यांतलं जे नंतरचं असेल त्यापासून २६ आठवड्यांत प्रशिक्षणात नाव नोंदवलेलं किंवा सूट मिळालेली, अशा अटी होत्या. सगळं जुळलं तर बेकारी भत्ता धरून जास्तीत जास्त १३० आठवडे. आज ही २६ आठवड्यांची अट बहुतेकांची उलटून गेली असणार. राज्याने कळवलंच नव्हतं किंवा तसंच सबळ कारण असेल तर सवलतीची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. प्रशिक्षणाच्या अर्जाला मात्र ही २६ आठवड्यांची अट नाही. त्यामुळे भत्ता बुडाला तरी शिकण्याचा खर्च विचारून पाहा, आणि राज्याकडे त्यासाठी पैसे शिल्लक आहेत का हेही त्याच वेळी विचारा. पन्नाशीपुढच्यांना पगारातल्या तुटीचा निम्मा भाग, दोन वर्षांत १०,००० डॉलरपर्यंत, मिळायचा. नवी नोकरी वर्षाला ५०,००० डॉलरच्या आतली असेल तरच. आरोग्य विम्याची ७२.५ टक्के करसवलत ३१ डिसेंबर २०२१ लाच संपली.

आता तुमचे १४० जण. कंपनीने वॉर्न कायद्याची, म्हणजे मोठ्या ले-ऑफआधी द्यायची, नोटीस दिली आहे का, हे आधी बघा. केंद्राचा कायदा साधारणपणे १०० किंवा जास्त कामगारांच्या कंपनीला ६० दिवसांची नोटीस द्यायला लावतो. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा त्याहून कडक आहे. १० एप्रिल २०२३ पासून ९० दिवसांची नोटीस, आणि नोटीस दिली तरीही नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार सेव्हरन्स (नोकरी जाताना मिळणारी भरपाई) म्हणून द्यावाच लागतो. नोटीस कमी पडली तर आणखी चार आठवडे. हा हक्क राज्याच्या किंवा कोर्टाच्या मंजुरीशिवाय सोडूनही देता येत नाही. तेव्हा 'सही करा, मग सेव्हरन्स देतो' असा कागद पुढे आला, तर कायद्याने द्यायचंच ते किती आणि सहीच्या बदल्यात वरचं किती, हे लेखी वेगळं करून घ्या. चाळिशीपुढच्यांना सामूहिक ले-ऑफमध्ये असा कागद वाचायला ४५ दिवस आणि सही केल्यावर मागे घ्यायला ७ दिवस मिळतात. घाई करणाऱ्याला हे दोन आकडे ऐकवा.

नोटीस राज्याकडे पोचली की रॅपिड रिस्पॉन्सची, म्हणजे ले-ऑफच्या वेळी माहिती आणि मदत देणारी, राज्याची टीम कारखान्यात येऊ शकते. एचआरला सांगून दोन्ही पाळ्यांसाठी सत्र मागा. रात्रपाळीवाले नेहमी राहून जातात.

अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा, क्लेम नोकरी गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात टाका. न्यू जर्सीत तो ज्या आठवड्यात टाकता त्या रविवारपासून धरतात. मागची तारीख मिळवणं जिकिरीचं काम आहे. पेनसिल्व्हेनियात राहून न्यू जर्सीत काम करत असाल तर क्लेम न्यू जर्सीत, कारण तुमचा पगार तिथे नोंदला गेला. कमाल मुदत २६ आठवडे. राज्य बदललं की आकडा बदलतो. फ्लोरिडात तो बराच कमी आहे.

टीएएच्या जागी आज खऱ्या अर्थाने उरलेली गोष्ट म्हणजे २०१४ च्या डब्ल्यूआयओए या रोजगार-प्रशिक्षणाच्या कायद्यातला 'डिसलोकेटेड वर्कर' हा वर्ग. इथे काम परदेशी व्यापारामुळेच गेलं हे सिद्ध करावं लागत नाही. कारखाना बंद होणं किंवा मोठा ले-ऑफ पुरतो, उत्पन्नाची मर्यादाही नाही. टीएएपेक्षा हात आखडता असतो हे खरं: वेगळा साप्ताहिक भत्ता नाही, आणि शिक्षणाची रक्कम स्थानिक मंडळ ठरवतं. अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाताना नोटीस, ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि शेवटच्या पगाराच्या चिठ्ठ्या न्या. कोर्स राज्याच्या मान्य यादीतलाच लागतो. आणि सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट: आधी स्वतःच्या खिशातून बूटकॅम्पची फी भरून मग परतावा मागणं. मंजुरीआधीचा खर्च परत मिळेल हे धरून चालू नका.

कोर्स मंजूर झाला की बेकारी भत्त्याच्या कार्यालयालाही स्वतः कळवा. प्रशिक्षण मान्य असेल तर दर आठवड्याला नोकरी शोधल्याचा पुरावा द्यावा लागत नाही. ही दोन कार्यालयं एकमेकांना आपोआप सांगतील असं समजू नका. न्यू जर्सीत प्रशिक्षण चालू असताना भत्ता वाढवून मिळण्याची आणि सरकारी कॉलेजात जागा शिल्लक असेल तर शिकवणी-फी माफीची वेगळी सोय आहे. काउन्सेलर स्वतःहून सांगेलच असं नाही, नाव घेऊन विचारा.

आरोग्य विम्यासाठी कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवणं, निवडायला ६० दिवस असतात, पण हप्ता १०२ टक्क्यांपर्यंत तुमच्याच खिशातून. मार्केटप्लेसलाही (स्वतः विमा घेण्याचा सरकारी विमा-बाजार) ६० दिवसांचीच खिडकी आहे. दोन्हींचे आकडे समोरासमोर ठेवूनच ठरवा.

मित्राचं काय? काम पुण्याला गेलं हे टीएएच्या दृष्टीने २०२१ पर्यंत चांगलं कारण ठरलं असतं. आज नाही. एच-१बीवर असताना अनएम्प्लॉयमेंटही साधारणपणे नाकारलं जातं, कारण कुठल्याही मालकाकडे लगेच रुजू होण्याची कायदेशीर मोकळीक नसते. पत्नीकडे किंवा पतीकडे स्वतंत्र ईएडी (काम करण्याचा परवाना) असेल आणि त्यांचीही नोकरी गेली असेल, तर त्यांनी अर्ज जरूर करावा. निर्णय राज्य देतं. मित्राचं घड्याळ वेगळं आहे: जास्तीत जास्त सलग ६० दिवस, किंवा आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. तेवढ्यात नव्या कंपनीने पिटिशन टाकली पाहिजे किंवा व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज गेला पाहिजे. भारतात परतायचं ठरलं तर एच-१बीची मुदत संपण्याआधी काढून टाकणाऱ्या कंपनीला त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च द्यावा लागतो. फक्त त्याचा, कुटुंबाचा नाही. ही मागणी ईमेलने आणि तिकीट काढण्याआधी करायला सांगा.