टाच कित्येक महिने दुखते आहे, एक्स-रेत हाड वाढलेलं दिसतंय. करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने टाच दुखते, सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकवत नाहीत, गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं आणि थांबवल्या की पुन्हा तेच. आधी त्या वाढलेल्या हाडाची काळजी सोडा. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तसंच हाड दिसतं, आणि दुखणं पूर्ण थांबलेल्यांचंही हाड जागच्या जागीच असतं.

वर्णनावरून हा प्लांटर फॅसायटिस वाटतो. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तो टाचेला जिथे चिकटतो तिथे बारीक इजा होत राहते, आणि ती भरून येण्याआधीच पुन्हा ताण पडतो. इतक्या जुन्या दुखण्यात सूज फारशी उरलेली नसते. तंतू विस्कटून पट्टा जाड झालेला असतो. सोनोग्राफीत तो बहुधा ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसतो. त्यामुळे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी वेदना दबते, पट्टा काही सुधारत नाही. झोपेत पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो, आणि पहिल्याच पावलाला एकदम ताणला जातो. सकाळची ती कळ त्यामुळेच येते.

खात्री करायची तर पायाचा अंगठा वरच्या बाजूला ओढून धरा आणि टाचेच्या तळाशी, आतल्या कडेला जरा पुढे दाबा. नेमकं तिथेच दुखलं तर निदान बहुतेक बरोबर आहे. टाचेच्या मधोमध, कडक फरशीवर चालताना ठेच लागल्यासारखं दुखत असेल तर टाचेखालची चरबीची गादी झिजलेली असू शकते. जळजळ, मुंग्या असतील तर नस दबल्याची शंका घ्यावी. दोन्ही बाजूंनी टाच चिमटीत दाबल्यावर जोरात कळ आली तर हाडाला बारीक चीर नाही ना, हे तपासून घ्या. आणि वय कमी, दोन्ही टाचा दुखतात, शिवाय सकाळी कंबर अर्धा तास किंवा जास्त आखडलेली असते, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे नुसत्या व्यायामावर वेळ घालवू नका.

हे होतं कशामुळे? वाढलेलं वजन, दिवसभर उभं राहण्याचं काम, अचानक वाढवलेलं चालणं किंवा धावणं, आणि आखडलेल्या पोटऱ्या. या शेवटच्या कारणाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. पोटरी आखडली की घोटा पुरेसा वाकत नाही आणि तो ताण तळव्यावर येतो.

उपचारात माझा सगळा भर व्यायामावर आहे. अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने सगळी बोटं नडगीकडे ओढा, १० सेकंद धरा, असं १० वेळा करा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपून पाहा, पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. हेच दिवसातून तीनदा, विशेषतः बराच वेळ बसून उठण्याआधी. सोबत भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणा.

पण नुसतं ताणून जुनं दुखणं अनेकदा हटत नाही, पट्ट्याला ताकद लागते. त्यासाठी कठडा धरून पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभे राहा आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. टाच ३ सेकंदांत वर न्या, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली आणा. १२ वेळा झाल्यावर तेरावी जमू नये इतकं जड वाटलं पाहिजे. असे ३ सेट, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत वजन घालून १० वेळा, ४ सेट. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून ८ वेळा, ५ सेट. एका पायावर जमत नसेल तर सुरुवात दोन्ही पायांवर करा. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर वजन कमी करा.

बिघडतं ते इथेच. टॉवेल वगळला की ही नुसती पोटरीची कसरत होते. भराभर केलं की ताण नीट पडत नाही. रोज केलं तर पट्ट्याला सावरायला वेळ मिळत नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडलं, तर खरोखरच काही फरक पडत नाही. तीन महिने धरून चला.

तोवर घरातही अनवाणी चालू नका. हातात धरून मधोमध दुमडता येते अशी चप्पल बाद. टाच किंचित उंच आणि कमानीला आधार हवा. सिलिकॉनचा हील कप (टाचेखाली ठेवायची मऊ वाटी) किंवा चपला-बुटात घालायचा तयार इनसोल पुरतो, महागडा मापाचा इनसोल सहसा त्याहून फारसं जास्त काही देत नाही. गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवल्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण मधुमेहाने तळपाय बधिर असतील तर अजिबात नको, त्वचा इजा होईपर्यंत कळत नाही. चालण्याचा व्यायाम काही आठवडे कमी करा, सायकल किंवा पोहणं चालेल.

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे छान आराम देतं, म्हणून लोक पुन्हा पुन्हा मागतात. पण त्याने पट्टा फाटण्याचा आणि चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, त्यामुळे ते पहिला उपाय म्हणून घेऊ नका. तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही अडलं, तर शॉकवेव्ह उपचाराबद्दल (यात यंत्राने बाहेरून टाचेवर दाबलहरींचे धक्के देतात) डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते, आणि नुसत्या एक्स-रेतल्या हाडाकडे बोट दाखवून कुणी ती सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.