नोकोगिरीयामा फक्त ३२९ मीटरचा आहे, टोकियोहून मुद्दाम जाण्यासारखा आहे का?

आई-वडील भारतातून आलेत, ट्रेकची सवय नाही, एवढ्या बुटक्या डोंगरासाठी अख्खा दिवस द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. द्यावा. आणि बुटका म्हणणं मला पटत नाही. पायथ्याचं हामा-कानाया स्टेशन समुद्राला लागून आहे, त्यामुळे ३२९ मीटरपैकी जवळजवळ सगळे आपल्या पायांनी चढायचे असतात.

हेच मी माझ्या दिरांना सांगत होते. ते पुण्याचे, रविवार म्हणजे सिंहगड. आमच्याकडे आले तेव्हा जेवताना म्हणाले, "सिंहगड तेराशे मीटर, हे तर टेकाड." सिंहगडाचा पायथाच समुद्रसपाटीपासून कितीतरी वर आहे, हे ऐकूनच घेतलं नाही. वर परस्पर ठरवून टाकलं की आई रोपवेने जाईल, तिला काय बघायचंय. सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. "चालत जाऊ," म्हणाल्या.

दीर आणि माझा नवरा रोपवेने गेले. आम्ही दोघी शारिकीमिची या दगड वाहायच्या जुन्या पायवाटेने निघालो. हा डोंगर म्हणजे दगडाची खाण. इथला बोशू दगड एदो काळापासून (१६०३ ते १८६८) काढला जायचा, खाणकाम १९८५ पर्यंत चालू होतं. ऐंशी-ऐंशी किलोचे तीन चिरे लाकडी गाड्यावर लादून या वाटेने खाली आणायचं काम बायकांचं. गाडा रिकामा झाला की तो पाठीवर घेऊन परत वर. दिवसाला अशा तीन खेपा. वाटेतल्या दगडांवर चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसतात.

मी हे सांगितलं तशा सासूबाई खाली बसल्या आणि त्या चाकोरीत हात घालून बघितला. "बायकाच?" मग चढता चढता बोलायला लागल्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई रोजगार हमीच्या आधीच्या त्या सरकारी कामावर खडी फोडायला जायची, आणि या शाळा बुडवून धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिथेच बसायच्या. संध्याकाळी आईच्या हाताला तेल चोळायचं काम यांच्याकडे. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मी प्रथमच ऐकत होते. वर गेल्यावर कळलं की दिरांनाही ठाऊक नव्हतं. स्वतःच्या आजीची गोष्ट! आईबरोबर कधी तासभर चालले असते तर कळली असती.

जिगोकु-नोझोकी, म्हणजे खाणीच्या उभ्या कड्यावर पुढे आलेला तो सुळका, फोटोंमुळे तुम्हाला माहीत असेलच. तिथे रांग लागते. मला त्याच्याजवळची १९६६ साली पुरी झालेली, कड्यात कोरलेली तीस मीटरची कान्नोन, म्हणजे करुणेची बौद्ध देवता, जास्त आवडते. निहोनजी देवळाचा ३१ मीटरचा बुद्ध मूळचा १७८३ चा, १९६९ मध्ये दुरुस्त केलेला. पण तो डोंगराच्या खालच्या अंगाला आहे. रोपवे चार मिनिटांत वर नेतो खरा, मात्र बुद्ध बघून परत रोपवेने उतरायचं तर सगळ्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. हे आधी कुणी सांगत नाही आणि म्हातारी माणसं तिथेच दमतात.

म्हणून गुडघे दुखत असतील तर रोपवेने वर जा, बुद्ध बघा आणि तसेच खाली ‘होता’ नावाच्या स्टेशनकडे उतरा. चालणं बरंच आहे, पण उताराचं. गुडघे ठीक असतील तर शारिकीमिची. कुठल्या वाटेने जायचं ते मात्र आई-वडिलांना विचारा, तुम्ही ठरवू नका.

पाऊस पडून गेला असेल तर शारिकीमिची निसरडी होते, तेव्हा नको. देवळाचं तिकीट वेगळं आणि प्रवेश दुपारीच बंद होतो, म्हणून सकाळी लवकर निघा. येताना कानायाहून खाडीपलीकडच्या कुरिहामाची फेरीबोट घ्या, चाळीस मिनिटं लागतात आणि हिवाळ्यात हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो. वारा जोरात असला की फेरी बंद राहते, तेवढं घरून निघताना बघून घ्या.