सचिव कोण, यावरून शिकारी का भांडतात?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. तिथे नैसर्गिक संसाधन खात्याच्या सचिवपदावरून शिकाऱ्यांमध्ये वाद चालतो म्हणे. त्यांना त्याचं एवढं काय?

उत्तर : वाद माणसाइतकाच नेमणुकीच्या पद्धतीचा आहे. १९९५पर्यंत सचिव निवडायचं सात जणांचं मंडळ. आता गव्हर्नर नेमतो, सिनेट मान्यता देते. जुनी पद्धत हवी असलेले म्हणतात, सदस्यांच्या सहा वर्षांच्या मुदती एकदम संपत नाहीत, त्यामुळे सरकार बदललं तरी खातं डगमगत नाही. दुसरा गट म्हणतो, गव्हर्नरला मतदार जाब विचारू शकतात, मंडळाला कोण विचारणार? २००९ साली जुनी पद्धत आणणारं विधेयक मंजूर झालं, पण गव्हर्नर जिम डॉईल यांनी ते नकाराधिकाराने रोखलं. आमच्या मते मंडळच बरं, जरी त्याचे सदस्यही गव्हर्नरच नेमत असला तरी.

शिकारीचे परवाने आणि कोटा, म्हणजे किती प्राणी मारता येतील ती मर्यादा, याच खात्यातून ठरतात; म्हणून शिकाऱ्यांना त्याचं एवढं. फेब्रुवारी २०२१ची लांडग्यांची शिकार पाहा. कोर्टाच्या आदेशाने ती घाईत घ्यावी लागली. शिकाऱ्यांचा कोटा ११९, परवाने मात्र एका लांडग्यामागे २०. ताजा बर्फ, त्यात माग काढणारी कुत्री. मारल्याची नोंद करायला २४ तासांची मुभा आणि हंगाम बंद करण्याआधी २४ तासांची सूचना सक्तीची. तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले.

पैशाचाही मुद्दा आहे. बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय करातला वाटा राज्याला हवा असेल, तर परवाना शुल्क वन्यजीव-मत्स्य कामाबाहेर वळवता येत नाही. म्हणून सचिवपदाच्या उमेदवाराला आधी परवाने आणि कोटा यांचं प्रमाण विचारावं, मग शुल्काचा हिशेब.