साडेपाच वर्षांच्या मुलीची दुधाची दाढ किडली आहे. पडणारच आहे, तर सिमेंट भरायचं का?

भरून घ्या, आणि याच आठवड्यात घ्या. खड्डा लहान आहे, दुखत नाही, फक्त घास अडकतो असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वेळ अजून गेलेली नाही. आमची गेली होती.

आम्ही पाचोऱ्याचे. मोठीची दाढ किडली तेव्हा ती तुमच्या मुलीएवढीच होती. सासूबाई म्हणाल्या, "दूधना दात शेतस, पडी जातीन." मलाही ते पटलं. पुढचे दात सहा-सात वर्षांचं मूल झालं की पडायला लागतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, हे माहीतच नव्हतं. पुढे काही महिने ती भाकरीचा कडक पापुद्रा ताटात काढून ठेवायची आणि मऊ तेवढंच खायची. मला वाटायचं, लाडावलीय. एका रात्री गाल धरून रडत उठली. लवंग धरली, काही उपयोग नाही. सकाळी हिरडीवर तांदळाएवढा पांढरा फोड. दाढ काढावी लागली, आणि मागची दाढ पुढे सरकून नवीन दाताची जागा अडू नये म्हणून तारेची कडी बसवावी लागली. त्या पापुद्र्यांकडे मी नीट पाहिलं असतं तर पोरीचं एवढं दुखणं टळलं असतं, हे अजून मनातून जात नाही.

दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं आणि आतली नस जवळ, म्हणून कीड लवकर खोल जाते. वरवर असेल तर किडका भाग काढून ग्लास आयनोमर सिमेंट भरतात, त्यातून फ्लोराइड हळूहळू सुटत राहतं. नाहीतर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, जे निळ्या प्रकाशाने कडक करतात. नसेपर्यंत गेली की नसेची ट्रीटमेंट आणि बहुतेक वेळा वर स्टीलची टोपी. मूल अजिबातच बसू देत नसेल तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध नुसतं लावून कीड थांबवता येते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो.

धाकट्याच्या वेळी आम्ही लगेच गेलो. डॉक्टरबाईंनी आरसा त्याच्याच हातात दिला, "दाढेला अंघोळ घालू" म्हणाल्या. इंजेक्शनसुद्धा लागलं नाही. घरी येईपर्यंत जिभेने तीच दाढ चाचपत होता. तुमच्या मुलीला भुलीचं इंजेक्शन दिलं तर दोन-तीन तास लक्ष ठेवा, बधिर ओठ मुलं चावून ठेवतात.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवीन दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आई-वडील तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते, जन्मभर पुरवायची. शेजारी किडकी दाढ तशीच ठेवली तर हिलाही धोका. तपासणीला जाल तेव्हा या दाढेच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड लागू नये म्हणून लावतात त्या पातळ लेपाने, बुजवायच्या का, हेही विचारा.

गावाकडे अजूनही भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे काढून देतो म्हणणारे भेटतात. दातात किडा नसतोच. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, त्याने दात पोखरतो. म्हणून दिवसभर थोडं थोडं बिस्कीट-चॉकलेट देऊ नका, आणि रात्री घासून झाल्यावर पाण्याशिवाय काही नको. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ब्रश तुमच्या हाताने.

पैशांची अडचण असेल तर जळगाव-धुळ्याच्या सिव्हिलला दाखवा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतात आणि पुढे पाठवतात. पण गालावर सूज किंवा ताप आला तर पथकाची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

नेताना मुलीला पोटभर जेवू घाला, आणि "सुई टोचतील हं" असं घरात कोणालाही बोलू देऊ नका.