आकड्याचं गाव

प्रिय मित्रा,

वहीच्या पानाचा तुझा फोटो मिळाला. डावीकडे तुझे किलोचे, म्हणजे ट्रॅकवरच्या एक किलोमीटर सायकल शर्यतीचे टाइम, उजवीकडे विश्वविक्रम, मध्ये लाल पेनाने वजाबाकी. खाली लिहिलंयस, "सोडून देऊ का?" तीच वजाबाकी मी तीन वर्षं केली आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आधी प्रत्येक आकड्याचं गाव लिही. 58.875 सेकंद : आर्नो तुर्नां, 2001, बोलिव्हियातलं ला पाझ, उंची सुमारे 3400 मीटर. 56.303 : फ्रांस्वा पर्विस, 2013, मेक्सिकोतलं आग्वास्कालियेंतेस. 55.433 : जेफ्री हूगलांड, 2023, तोच ट्रॅक, उंची 1900 मीटरच्या आसपास. आता तुझ्या आकड्यांसमोर तुझं गाव लिही. समुद्रसपाटी, उघडा ट्रॅक, मागच्या वळणावर तोंडावर येणारा वारा. मग कर वजाबाकी!

ब्रिटिश सायकलपटू क्रिस हॉयचं बघ. 2004 ला अथेन्समध्ये 1:00.711, सुवर्णपदक. ऑलिंपिकमधून किलोच काढून टाकला, तर 2007 मध्ये हा माणूस ला पाझला गेला आणि 58.880 काढून आला. तीन वर्षांत तो काही वेगळा प्राणी झाला नव्हता. गाव बदललं. (तरी तुर्नांचा विक्रम 0.005 सेकंदाने हुकलाच. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.) एवढ्या वेगात स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वर हवा विरळ. प्राणवायूही कमी, पण खेळ जेमतेम मिनिटाचा, म्हणून हिशेब फायद्यात राहतो.

लगेच तिकीट काढू नकोस! पर्विस तुर्नांपेक्षा कितीतरी कमी उंचीवर होता, तरी अडीच सेकंदांनी पुढे गेला. बंदिस्त हॉल, लाकडी ट्रॅक, मधल्या बारा वर्षांत बदललेल्या सायकली. गाव म्हणजे नुसती उंची नव्हे, हे मलाही फार उशिरा कळलं.

मी काय केलं? प्रत्येक नव्या विक्रमाची बातमी आली की गिअर जड केला. गेटमधून सुटतानाच मांड्या पेटायच्या, शेवटच्या लॅपला हँडल वेडंवाकडं व्हायचं. वहीत फक्त वेळ लिहायचो. वारा, तापमान, गिअर, काहीच नाही. आज ती वही उघडली तर त्यातला एकही आकडा मला काही सांगत नाही. तीन वर्षं, आणि सगळे आकडे बेवारस.

लोक म्हणतात, हा कधी उंचावर गेला नाही म्हणून असं बोलतो. नाही गेलो. माझ्या ट्रॅकवर माझा खरा टाइम काय, ते आधी बघायचं होतं. थोडी भीतीही होती, असेल. वर जाऊनही आकडा हलला नसता तर कुणाकडे बोट दाखवलं असतं? पण त्याने माझं म्हणणं चूक ठरत नाही.

रविवारी किलो मारशील तेव्हा पान पुन्हा पाठव. चारही लॅपचे वेगळे टाइम, गिअर, टायरमधली हवा, वारा कुठून होता ते. उजवी बाजू कोरी ठेव. लाल पेन दिसलं तर उत्तर देणार नाही.

तुझा,
जुना किलोवाला