गेट दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा

'विचारा तर खरं' : वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

ताई, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, आता दहावीत जाईल. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मी एका पतसंस्थेत कारकून आहे, मिस्टरांचं वेल्डिंगचं काम आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला ट्यूशनवरून येताना तूरडाळ, तेलाचं पाकीट आणि कपड्याचा साबण आणायला सांगितलं. वाटेत एक मोठं सुपरमार्केट आहे, तिथं तो गेला. बिल 412 रुपये झालं, ते त्यानं भरलं. बाहेर निघताना दारातलं गेट वाजलं. गार्डनं "चल बे, मागं चल" म्हणून दंडाला धरून त्याला गोदामाजवळच्या खोलीत नेलं. दप्तर उलटं केलं. त्यात डिओडरंटचा डबा निघाला, 219 रुपयांचा. तोच डिओ त्यांच्या रॅकवरही होता. पोरानं सांगितलं की ट्यूशनजवळच्या मेडिकलमधून घेतलाय आणि वापरलेलाही आहे, पण बिल सापडेना.

मला ऑफिसात फोन आला, "मॅडम, तुमचा मुलगा चोरी करताना सापडला." सीताबर्डीहून ऑटोनं पोचेपर्यंत तास गेला. तोवर तो खोलीत आणि दाराशी गार्ड. (मी पण घाबरले होते, सगळ्यांसमोर त्याला विचारलं, खरं सांग, घेतलं का तू?) मॅनेजर म्हणाले, दहापट दंड भरा, नाहीतर पोलिसांत देतो, दहावीचं वर्ष आहे, करिअर खराब होईल. मी 2,190 रुपये मोबाइलवरून भरले. 'मी चोरी केली, पुन्हा करणार नाही' असं त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं. आम्ही निघालो तेव्हा गेट पुन्हा वाजलं. गार्ड म्हणाला, जाऊ द्या, मशीन खराब आहे.

रात्री विज्ञानाच्या पुस्तकात मेडिकलचं बिल सापडलं, चार दिवस आधीचं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेले, डब्यावरचा बॅच नंबरही जुळला, तर "मिसअंडरस्टँडिंग झाली" म्हणून डिओ आणि 500 रुपयांचं व्हाउचर हातात दिलं. पैशांसाठी वर विचारावं लागेल म्हणाले. कागद दिलाच नाही.

तेव्हापासून पोरगा कोणत्याही दुकानात जात नाही. गेलाच तर दोन्ही हात खिशाबाहेर. भाचीच्या लग्नासाठी सीताबर्डीत घेतलेली नवी जीन्स त्या दिवशी घातली होती, ती आता कपाटातून काढतही नाही. परवा ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले आणि ठेलेवाल्याला बिल मागितलं. तो हसला. माझ्याशी कामापुरतं बोलतो. मिस्टर म्हणतात, "सोड ना, मोठ्या लोकांच्या मागं कायले लागून राहिली?"

त्या कागदाचा पुढं त्रास होईल का? गेट वाजलं तरी कशानं? आणि आम्ही काय करू शकतो?

एक आई, मानेवाडा

*

गेटाचं आधी सांगते, कारण त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. निघताना गेट पुन्हा वाजलं, तेव्हा डिओ कुठे होता? मॅनेजरच्या टेबलावर. म्हणजे गेट डिओवर वाजत नव्हतं. मग पोराच्या अंगावर नवं काय होतं? जीन्स.

ती कपाटातून काढा आणि कमरेच्या आतल्या शिवणीत, खिशाच्या आत चाचपून बघा. धुण्याच्या सूचना असतात त्या लेबलाशेजारी आणखी एक पांढरं, हाताला जरा कडक लागणारं कापडी लेबल असेल. बरेचदा त्यावर कात्रीचं चित्रही असतं. त्याच्या पोटात धातूचं बारीक वेटोळं असतं. दारातल्या दोन खांबांमधून रेडिओ लहरी सुटत असतात, त्या वेटोळ्यानं त्यांना ओ दिली की गेट कोकलतं. त्याला एवढंच कळतं. डाळ कुणाची, डिओ कुणाचा, बिल भरलं की नाही, यातलं काही त्याला कळत नाही. कपडा विकताना ते लेबल काउंटरवरच्या पॅडवर निकामी करायचं असतं, नाहीतर कापून टाकायचं. सीताबर्डीच्या काउंटरवर ते राहून गेलं असणार. दोन्ही दुकानांची यंत्रणा एका जातीची असली की एकाचा विसराळूपणा दुसऱ्याच्या दारात वाजतो. जीन्स डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही, पण पैज लावायला तयार आहे.

दप्तर बाजूला ठेवून पोराला नुसतं त्या गेटातून चालायला लावलं असतं तरी हे दोन मिनिटांत उघड झालं असतं. एकेक वस्तू गेटातून न्यायची, वाजेल ती बघायची. मागच्या हिवाळ्यात सदरच्या एका दुकानातून बाहेर पडताना माझ्यावरही असंच गेट वाजलं. अंगावर नवं स्वेटर होतं. गार्ड मोबाइलमधून मानही वर न करता म्हणाला, "जा आजी, होते असं." माझे केस पांढरे आहेत, वय 69. तुमच्या पोराच्या पाठीला दप्तर होतं आणि ओठावर मिसरूड.

चोऱ्या होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. इतवारीत आमचं किराण्याचं दुकान होतं, खारकांच्या पोत्याशी कुणाचा हात किती वेळ रेंगाळतो हे मला सातवीतच कळायचं. दारात थांबवणं, बिल बघणं, विनंती करून पिशवी बघणं, इथपर्यंत दुकानदाराचं काही चुकत नाही. दंडाला धरलं तिथून चुकलं.

आता कायद्याचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303 खाली पाच हजार रुपयांच्या आतली चोरी हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे त्या कलमाखाली 219 रुपयांच्या डब्यासाठी खुद्द पोलीससुद्धा वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. सामान्य माणसाला दुसऱ्याला पकडून ठेवता येतं, नाही असं नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 40), पण गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, दखलपात्र हवा आणि अजामीनपात्रही हवा. शिवाय पकडलं तर विनाकारण वेळ न काढता पोलिसांकडे द्यायचं असतं. यातलं काय होतं त्या खोलीत? गार्डनं डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं, पोलिसांना कुणी फोन केला नव्हता. उलट एखाद्याला असं कोंडून ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम 127 चा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंतच्या कैदेचा, आणि तो दखलपात्र आहे. चौतीस वर्षं कोर्टात काढली, तरी या उलट्या हिशेबाची गंमत मला अजून वाटते.

दहापट दंडाची पाटी मीही काही दुकानांत पाहिली आहे. पाटी लावल्यानं अधिकार येत नाही. दंड ठोठावायला कोर्ट लागतं. पोलिसांचा धाक घालून खोलीत पैसे काढायचे, ही गोष्ट खंडणीच्या कलमाच्या (308) फार जवळ जाते, हे त्या मॅनेजरसाहेबांना कुणीतरी सांगायला हवं. आणि 'करिअर खराब होईल' ही नुसती भीती. समजा, त्यानं खरंच डबा उचलला असता, तरी अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत टाकता येत नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सांगतं की पंधरा वर्षांच्या मुलाला त्यापायी पुढं आयुष्यात अपात्र ठरवता येत नाही.

त्या कागदानं घाबरू नका. तो पोलिसांच्या दप्तरात नाही, मॅनेजरच्या खणात आहे. धाकात घेतलेल्या मुलाच्या कबुलीला कोर्टात कुणी फारसं विचारत नाही. तरी तो परत घ्या, कारण उद्या तो मोबाइलवरून कुणाच्या हाती पडेल याचा भरवसा नाही.

लगेच करायचं ते लेखी पत्र. स्थानिक मॅनेजरला आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, दोघांनाही. पत्ता तुमच्या 412 च्या बिलावर असेल. त्यात तारीख, वेळ, किती वेळ कोंडलं ते लिहा, आणि मागा: 2,190 रुपये, तो मूळ कागद, लेखी माफी, आणि दार व त्या खोलीबाहेरच्या कॅमेऱ्याचं त्या वेळचं चित्रीकरण जपून ठेवण्याची हमी. हे शेवटचं आधी लिहा. कॅमेऱ्याची डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि मग दुकानदार हात वर करतो. पैसे भरल्याचा मोबाइलवरचा पुरावा, मेडिकलचं बिल, डब्याच्या तळाचा फोटो, दोन्ही दुकानांची बिलं यांच्या प्रती जोडा. लेबल सापडलं तर कापू नका, जागच्या जागी फोटो काढा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तुमच्या भागातलं पोलीस ठाणं आहे आणि सिव्हिल लाइन्सचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथं दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. वकीलही लागत नाही. हे लिहिताना मला माझ्या पोटावर पाय दिल्यासारखं होतं, पण खरं आहे.

मिस्टरांना सांगा, 'मोठे लोक' दारातच भेटतात असं नाही. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला बहुधा या खोलीची खबरही नसेल.

आणि आता ते, जे तुम्ही विचारलं नाही. तुमच्या पत्रात एकच वाक्य कंसात आहे. गार्ड कंसात नाही, मॅनेजर कंसात नाही, तुमचा प्रश्न कंसात आहे. कंस आपण कशाला घालतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

गार्ड परका. तो संशय घेणार, पगारच त्याचा घेतो. त्या खोलीत तासभर पोरगा एकाच माणसाची वाट बघत होता, आणि ते माणूस आल्यावर त्यानंही तोच प्रश्न विचारला. घाबरलेल्या आईनं विचारलं, हे मला समजतं. पंधरा वर्षांच्या पोराला ते समजवायला मात्र कुणीतरी तोंड उघडायला हवं, आणि ते तुम्हीच.

1968 साली मी बारा वर्षांची होते. गल्ल्यात दोन रुपये कमी आले. बाबांनी भर गिऱ्हाइकांत विचारलं, "तू घेतले का गं?" संध्याकाळी कळलं, आईनं भाजीसाठी काढले होते. बाबा "बरं" म्हणाले आणि गूळ फोडायला लागले. माणूस वाईट नव्हता. त्यांनीच मला लॉ कॉलेजात घातलं, नातेवाइकांची बोलणी खाऊन. 1994 साली गेले. ते दोन रुपये माझ्या वहीत अजून उधारी म्हणून उभे आहेत.

तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर सांगा त्याला. 'मी तुला तिथं तसं विचारायला नको होतं, माझं चुकलं', एवढंच. त्याच्या मागं 'पण मी घाबरले होते' जोडू नका. नवा मोबाइल, बाहेरचं जेवण, अंबाझरीची सहल, यातलं काही त्या दिवशी नको. तो बोलेलच असंही नाही. उठून गच्चीवर गेला तर जाऊ द्या.

तक्रार करायची की नाही, हेही त्याला विचारा. पत्र त्याला वाचू द्या, चुकलेलं त्याच्या हातानं दुरुस्त होऊ द्या, तुमच्यापेक्षा त्याला जास्त आठवतं. 'चल, परत त्याच दुकानात जाऊ, भीती मोडेल' असला प्रयोग करू नका. शाळा सुरू झाल्यावरही झोप, जेवण, अभ्यास ताळ्यावर आला नाही तर 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडीही आहे.

बिलं गोळा करतो तर करू द्या. घरात एक डबा द्या त्यासाठी, चेष्टा करू नका. तर्री पोह्याचं बिल कुणी देत नाही, हे त्याला तुमच्याशिवायही कळेल.

राहिलं ते 500 चं व्हाउचर. ते खर्चू नका, उद्या 'त्यांनी भरपाई स्वीकारली होती' म्हणतील. मुख्य कार्यालयाच्या पत्रासोबतच ते परत पाठवा, 'हे आम्हाला नको' अशी ओळ पत्रात घालून. मानेवाड्याहून लांब पडेल, तरी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्ट करा, पोराला सोबत न्या, ती जुनी इमारत आतून बघण्यासारखी आहे. खिडकीवर पाकीट त्यालाच देऊ द्या. पावती मिळेल, ती त्याच्या डब्यात.